वेष्टनाच्या प्लास्टिकातील अतिसूक्ष्म भरणद्रव्ये : सरकीच्या लवेचा एक नवा उपयोग

चैत्र-वैशाखात मुंबईच्या लालबाग भागातील मिरची गल्लीत पाऊल टाकले की ठसका लागल्यावाचून राहात नाही. वर्षाचा मसाला करून घेण्यासाठी परळ, दादर, गिरगाव येथील गृहिणी, इतकेच नव्हे तर दूरच्या उपनगरांतील कुटुंबेही येथे येतात. निवडलेली, भाजलेली मिरची आणि इतर जिन्नस डंकावर कुटून झाले म्हणजे तयार मसाला प्लास्टिकच्या पिशवीत भरून, तोंड पक्के बंद करून घरी नेला जातो. पिशवीला कोठेही छिद्र नसते. तरीसुद्धा ती मांडीवर घेऊन बसमध्ये बसलेल्या बाईंच्या शेजाऱ्याला पिशवीत काय आहे हे विचारावे लागत नाही.

छिद्र नसता वास बाहेर येतो, ह्याचा अर्थ असा की, जी पिशवी आपणांस अभेद्य वाटते ती तशी नसते. पॉलिथीन हे लांबच लांब रेणूंच्या साखळ्यांचे बनलेले असते. वाळक्या गवताची गंजी वरून घट्ट दिसली तरी तिच्यात जशा फटी राहतात, त्याप्रमाणे ह्या साखळ्यांच्या मध्ये जागा राहते आणि साखळ्या सारख्या हलत असल्यामुळे ह्या जागा उघडत-मिटत असतात. मसाल्यातील सुगंधी तेलांची वाफ पॉलिथीनमध्ये विरघळते, त्या फटींतून वाट काढते आणि दुसऱ्या अंगास बाहेर पडते. हवेतील ऑक्सिजनही असाच, पण उलट दिशेने, आत येतो. पाण्याच्या वाफेशी मात्र पॉलिथीनचे सूत जमत नाही, म्हणून ती त्यामानाने फारच थोडी आत शिरते.

पदार्थापरत्वे गरज निराळी

पापडाचे उदाहरण घ्यावे. गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर १९५९ साली सात स्त्रियांनी ८० रुपये कर्जाऊ घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. त्यातून पुढे श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड ही संस्था उभी राहिली. पापडाचा मुख्य वैरी दमटपणा, आणि तो अडविण्याचे काम साधी पॉलिथीनची पिशवी बऱ्यापैकी करते. लालबागेतच चिवड्याच्या दुकानांची दुसरी गल्ली आहे. चिवड्याला दमटपणाही नको आणि ऑक्सिजनही नको, कारण ऑक्सिजनमुळे तळणीचे तेल खवट होते. मसाल्याला ह्या दोहोंबरोबर वासही आत कोंडून ठेवावयाचा असतो. एकाच भागातील हे तीन जिन्नस असले तरी एकच पिशवी तिघांना सारखी उपयोगी पडत नाही.

फरक किती असतो हे आकड्यांवरून लक्षात येईल. २५ मायक्रॉन जाडीच्या साध्या पॉलिथीनचा एक चौरस मीटर तुकडा घेऊन त्याच्या एका बाजूस शुद्ध ऑक्सिजन ठेवला, तर चोवीस तासांत सुमारे ६ ते ८ लिटर ऑक्सिजन पलीकडे जातो. पाण्याच्या बाटल्या ज्या प्लास्टिकच्या करतात त्या पेट जातीच्या तेवढ्याच जाडीच्या तुकड्यातून साधारणपणे ५० ते १०० घनसेंटिमीटर, म्हणजे एक दशांश लिटरच्याही आत जातो. परंतु पेट महाग पडते आणि पॉलिथीनप्रमाणे सहज उष्णतेने चिकटत नाही. म्हणून कारखानदार दोन-तीन जातींचे पापुद्रे एकावर एक चिकटवतात व मध्ये अॅल्युमिनियमचा अत्यंत पातळ मुलामा देतात. बटाट्याच्या वेफर्सची चकाकणारी पिशवी ती हीच.

ही पिशवी माल उत्तम राखते, परंतु रिकामी झाल्यावर तिचे काय करावयाचे हा प्रश्न राहतो. चिकटविलेले पापुद्रे पुन्हा वेगळे करणे अतिशय कठीण असल्यामुळे भंगारवाला ती उचलीत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईची गटारे तुंबण्यास प्लास्टिकच्या पिशव्यांचाही हातभार लागला, असे दिसून आले. २०१८ च्या मार्च महिन्यात महाराष्ट्र शासनाने प्लास्टिकच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली आणि १ जुलै २०२२ पासून केंद्र शासनाने एकदा वापरून टाकावयाच्या कित्येक वस्तू देशभर बंद केल्या. तेव्हा माल राखणारे पण पातळ, आणि शक्यतो एकाच जातीच्या प्लास्टिकचे वेष्टन मिळेल काय, असा प्रश्न संशोधकांपुढे उभा राहिला. त्याचे एक उत्तर भरणद्रव्यांत सापडले आहे.

भरणद्रव्य म्हणजे काय

ही कल्पना शेतकऱ्याला नवी नाही. भिंतीची माती मळताना तो तीत भुसा किंवा गव्हाचे काड घालतो. त्यामुळे भिंतीला भेगा कमी पडतात आणि ती ताठ राहते. प्लास्टिकमध्येही खडूची भुकटी, शंखजिरे वगैरे पदार्थ पूर्वीपासून घालतात. प्लास्टिकच्या खुर्चीत किंवा पोत्यात अशी भुकटी बरीच असते. तिचा मुख्य हेतू माल स्वस्त करणे हा असतो आणि तिच्या कणांमुळे पातळ पिशवी उलट कमजोर होते, कारण कण पापुद्र्याच्या मानाने मोठे असतात. चाळीस मायक्रॉनच्या पिशवीत दहा मायक्रॉनचा खडा म्हणजे चार बोटे जाडीच्या भिंतीत एक बोट जाडीचा दगड.

कण अतिशय बारीक केले म्हणजे गोष्ट पालटते. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. कापसाच्या एका तंतूची रुंदी साधारणपणे १२ ते २० हजार नॅनोमीटर असते, ह्यावरून ह्या मापाची कल्पना यावी. ज्या कणाची निदान एक बाजू शंभर नॅनोमीटरच्या आत असते त्याला नॅनोकण म्हणतात. अशा कणांचे वजन थोडे असले तरी त्यांचे पृष्ठ अफाट असते, आणि प्लास्टिकच्या साखळ्या त्यांना धरून बसत असल्यामुळे वजनाने दोन ते पाच टक्के भरणही पुरेसे होते.

ह्या कामी प्रथम नाव झाले ते मातीचे, आणि तीही महाराष्ट्राच्या शेतकऱ्याच्या ओळखीच्या जातकुळीची. काळी कसदार जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्याचे कारण त्या जमिनीतील चिकणमातीचे कण एकावर एक रचलेल्या पानांसारखे असतात आणि पाणी त्या पानांच्या मध्ये शिरते. ह्याच कुळातील माँटमोरिलोनाइट नावाची माती बेंटोनाइटच्या खाणींतून काढून शुद्ध करतात. कच्छ व बाडमेर येथे तिचे साठे आहेत. तिचे एकेक पान सुमारे एक नॅनोमीटर जाडीचे आणि त्याच्या शेकडो पट रुंद असते. एक ग्रॅम मातीची सर्व पाने सुटी करून पसरता आली तर त्यांचे क्षेत्र ७०० चौरस मीटरांहून अधिक, म्हणजे जवळजवळ सात गुंठे भरेल. चिमूटभर मातीत सात गुंठे!

जपानमधील टोयोटा कंपनीच्या संशोधकांनी १९८० नंतरच्या दशकात नायलॉनमध्ये ही माती सुमारे पाच टक्के एवढीच मिसळली. नायलॉनचा ताठपणा जवळजवळ दुप्पट झाला आणि भाराखाली वाकण्याचे तापमान ६५ अंश सेल्सिअसवरून १४५ अंशांच्या आसपास गेले. प्रथम तिचा उपयोग मोटारीच्या भागांसाठी झाला. वेष्टनाचा धंदा करणाऱ्यांचे लक्ष मात्र दुसऱ्या एका गुणाकडे गेले. माती मिसळलेल्या प्लास्टिकातून वायू फार सावकाश जात होता.

ह्याचे कारण समजण्यास बांधबंदिस्तीचे उदाहरण पुरेसे आहे. उघड्या उतारावर पडलेले पाणी सरळ नाल्यास मिळते. समपातळीत बांध घातले की तेच पाणी वळसे घेत, थांबत जाते. उतार तोच, पाणी तेच, वाट मात्र लांबते. प्लास्टिकाच्या पापुद्र्यात मातीची पाने आडवी पसरली म्हणजे ऑक्सिजनच्या रेणूला प्रत्येक पानाला वळसा घालून पुढे जावे लागते. पिशवी जाड न करताच तिची जाडी जणू वाढते. बांध उभे घातले, म्हणजे उताराच्या दिशेने घातले, तर त्यांचा उपयोग नाही हे कोणीही सांगेल. येथेही पाने आडवी बसली तरच फायदा होतो. शिवाय ती सुटी झाली पाहिजेत. पाने एकमेकांस चिकटून गठ्ठ्यातच राहिली तर तो साधा खडाच होय, आणि त्याच जागी पिशवी फाटते. माती पाण्याची मैत्रीण व पॉलिथीन तेलाच्या जातीचे, त्यामुळे दोघांचे मूळचे जमत नाही. मातीवर आधी रासायनिक संस्कार करावे लागतात आणि ह्याच पायरीवर खर्च वाढतो.

माटुंग्याची प्रयोगशाळा

लालबाग-परळचा हा सारा भाग एके काळी कापसावर उभा होता. वऱ्हाड-खानदेशातून आलेल्या गाठी कॉटन ग्रीनच्या वखारींत उतरत व गिरण्यांत त्यांचे सूत निघे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि आता त्यांच्या जागी उंच इमारती दिसतात. परंतु कापसाची एक जुनी संस्था ह्या भागात आजही काम करीत आहे. मध्य रेल्वेने दादरच्या पुढे एक स्थानक गेले की माटुंगा येते. तेथे भारतीय केंद्रीय कापूस समितीने १९२४ साली एक तंत्रप्रयोगशाळा स्थापन केली. शेतात निघालेल्या नव्या वाणाचे सूत कसे पडते हे पाहून देणे हे तिचे आरंभीचे काम होते. १९६६ साली ती भारतीय कृषि अनुसंधान परिषदेकडे आली व १९९१ पासून केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था ह्या नावाने ओळखली जाते. सिरकॉट हे तिचे चालू नाव. जवळच १९३३ साली स्थापन झालेली रसायन तंत्रज्ञान संस्था असून प्लास्टिक व रंगद्रव्ये ह्या विषयांचे उच्च शिक्षण तेथे दिले जाते. कापूस आणि रसायन ह्यांचे घर असे शेजारी-शेजारी आहे.

सिरकॉटच्या संशोधकांनी मातीऐवजी कापसापासूनच नॅनोकण काढण्याचे काम हाती घेतले. कापसाचा तंतू नव्वद टक्क्यांहून अधिक शुद्ध सेल्युलोजचा असतो. लाकडातून सेल्युलोज वेगळे करण्यास जी खटपट करावी लागते ती येथे बव्हंशी वाचते. तंतूच्या आत सेल्युलोजच्या साखळ्या काही ठिकाणी कवायतीसारख्या ओळीत व घट्ट रचलेल्या असतात, तर काही ठिकाणी विस्कळित असतात. विस्कळित भाग खाऊन टाकला की घट्ट भागाच्या सुया शिल्लक राहतात. त्यांची जाडी पाच ते वीस नॅनोमीटर व लांबी काही शेकडा नॅनोमीटर असते. वजनाच्या मानाने त्या पोलादापेक्षाही ताठ असतात.

विस्कळित भाग काढण्याचा रूढ मार्ग म्हणजे तीव्र गंधकाम्ल. ते काम झटपट करते, परंतु नंतर आम्ल धुऊन काढण्यास पाणी पुष्कळ लागते व सांडपाण्याची विल्हेवाट लावावी लागते. माटुंग्याच्या संशोधकांनी २०११ साली दुसरा एक मार्ग प्रसिद्ध केला. त्यात हे काम बुरशीकडून करून घेतले आहे. ही बुरशी ट्रायकोडर्मा वर्गातील, म्हणजे हरभरा-तुरीच्या बीजप्रक्रियेसाठी शेतकरी जी वापरतात तिचीच जातबहीण. ती सेल्युलोज खाते, आणि खाताना विस्कळित भाग आधी संपविते. वेळेवर थांबविली तर घट्ट सुया हाती येतात, उशीर केला तर त्याही ती फस्त करते. प्रक्रिया सावकाश चालते, पण आम्लाचा त्रास नसतो.

२०१५ साली ह्याच संस्थेत नॅनोसेल्युलोज तयार करणारे प्रायोगिक यंत्रालय उभारण्यात आले. त्याची क्षमता दिवसाला सुमारे १० किलो. कच्चा माल म्हणून तेथे मुख्यतः सरकीची लव वापरण्यात येते. तेलगिरणीच्या भाषेत तिला लिंटर म्हणतात. जिनिंगमध्ये रुई निघाल्यानंतरही सरकीला जी आखूड, मऊ लव चिकटून राहते ती ही. सूत काढण्यास ती निरुपयोगी असते.

मुंबईच्या पावसाची परीक्षा

नॅनोसेल्युलोजचे गुण सांगताना त्याचा दोष झाकून ठेवणे बरे नव्हे. कोरड्या हवेत त्याचा पापुद्रा ऑक्सिजनला उत्कृष्ट अडवितो. हवेतील दमटपणा वाढला की सेल्युलोज पाणी पिते, सुया एकमेकींपासून सैल होतात आणि अडविण्याची शक्ती झपाट्याने घटते. मुंबईत आषाढ-श्रावणात हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, तेव्हा ज्या वेष्टनाने युरोपातील प्रयोगशाळेत नाव मिळविले त्याची खरी कसोटी लालबागच्या दुकानातील फळीवर लागते. म्हणून नॅनोसेल्युलोजचा थर दोन जलरोधक थरांच्या मध्ये ठेवावा लागतो, किंवा त्याच्यावर निराळे संस्कार करावे लागतात.

दुसरी अडचण वाळविण्याची. नॅनोसेल्युलोज पाण्यात लोण्यासारखे दिसते व त्यात घन भाग शेकडा काही टक्केच असतो. ते वाळविले की सुया एकमेकींना अशा घट्ट चिकटतात की पुन्हा पाण्यात भिजवूनही पूर्ववत सुट्या होत नाहीत. पॉलिथीन तर वितळवूनच वापरावे लागते, त्यात ओले लोणी घालता येत नाही. ह्या कारणाने नॅनोसेल्युलोज प्रथम जेथे पाणी चालते तेथे उपयोगी पडते. कागदावर लेप देणे हे एक काम. मका किंवा साबुकंदाच्या स्टार्चपासून केलेल्या, जमिनीत कुजणाऱ्या पापुद्र्यांना बळकटी देणे हे दुसरे. नुसत्या स्टार्चची पिशवी ठिसूळ असते व दमट हवेत लिबलिबीत होते. तीत थोडे नॅनोसेल्युलोज मिसळले असता ती ओढ अधिक सोसते व पाणीही कमी पिते. प्लास्टिकच्या बंदीमुळे जी जागा रिकामी झाली आहे ती अशा कुजणाऱ्या पदार्थांनीच भरावयाची असल्यामुळे ह्या कामाचे मोल मोठे आहे.

कापूस उत्पादकाला ह्यात काय मिळेल

महाराष्ट्रात सुमारे ४० लाख हेक्टरांवर कापूस घेतला जातो. ‘कापसापासून प्लास्टिक’ असे शब्द कानावर पडले की भाव चढण्याची आशा वाटणे स्वाभाविक आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्याने अशी आशा लावू नये. थोडा हिशोब मांडला तर कारण स्पष्ट होईल. १०० किलो कापसातून साधारण ३४ किलो रुई व ६३ किलो सरकी निघते. सरकीच्या वजनाच्या पाच टक्के लव निघते असे धरले तर ती तीन किलोंच्या आसपास भरेल. त्या लवेच्या निम्म्या वजनाचे नॅनोसेल्युलोज हाती आले असे मानू. आता एक टन पापुद्र्यात तीन टक्के म्हणजे ३० किलो नॅनोसेल्युलोज लागेल, त्यास ६० किलो लव व तेवढ्या लवेसाठी २० क्विंटल कापसाची सरकी पुरेल. भरण थोडेच लागते हा ह्या तंत्राचा गुण आहे, पण त्याच गुणामुळे कच्च्या मालाची मागणीही बेताची राहते. ह्यामुळे कापसाचा भाव हलणार नाही.

ज्याच्याकडे लव काढण्याचे यंत्र असेल त्याला मात्र फायदा होईल. आपल्याकडे बहुतेक सरकी लव न काढता, टरफलासकट घाण्यात जाते. लव तेल शोषून घेते आणि ते तेल पेंडीत अडकून राहते. पेंडीत तंतू वाढल्याने जनावरांच्या दृष्टीने तिची प्रतही उतरते. म्हणजे लव न काढल्याने तेलाचे नुकसान, पेंडीचे नुकसान, आणि लव तर फुकटच जाते. नॅनोसेल्युलोजची गोष्ट बाजूस ठेवली तरी औषधी कापूस, उत्तम कागद व सेल्युलोजची रसायने ह्यांसाठी लवेला आजही गिऱ्हाईक आहे. सहकारी जिनिंग व तेलगिरणी चालविणाऱ्या संस्थांनी किंवा शेतकरी उत्पादक कंपन्यांनी लव काढण्याच्या यंत्राचा विचार ह्याच दृष्टीने करावा. नवे गिऱ्हाईक आले तर तो अधिकचा लाभ. केवळ नॅनोच्या आशेवर कर्ज काढून यंत्र बसविणे धोक्याचे ठरेल.

पऱ्हाट्यांविषयीही लोक विचारतात. पऱ्हाटीत सेल्युलोज असते, पण त्याबरोबर लाकूडद्रव्यही पुष्कळ असते व ते काढण्याचा खर्च येतो. पऱ्हाट्यांपासून दाबफळ्या करण्याचे तंत्र ह्याच संस्थेने विकसित केले असून पऱ्हाटीसाठी तो मार्ग अधिक सरळ आहे. गुलाबी बोंडअळीच्या भीतीने पऱ्हाट्या शेतात उभ्या ठेवू नयेत, हे तर वेगळे सांगावयास नको.

नॅनो नावाची पिशवी विकणाऱ्यांविषयी

२०२१ पासून नॅनो युरियाच्या बाटलीमुळे हा शब्द खेड्यापाड्यांत पोहोचला आहे. त्याचा वेष्टनाच्या प्लास्टिकाशी काही संबंध नाही. मात्र शब्दाला वजन आले की त्याचा व्यापारही सुरू होतो. धान्य वर्षभर टिकविणारी किंवा भाजी महिनाभर ताजी ठेवणारी म्हणून एखादी पिशवी गावात विकावयास आली, तर ती कशाची बनली आहे, तिच्यातून ऑक्सिजन व पाण्याची वाफ किती जाते ह्याची मोजणी कोणत्या प्रयोगशाळेने केली आहे, आणि ती खाद्यपदार्थासाठी योग्य असल्याचा दाखला आहे काय, हे विचारावे. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे खाद्यपदार्थाच्या प्लास्टिक वेष्टनातून पदार्थात उतरणारी द्रव्ये एकूण किलोमागे ६० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नयेत. प्लास्टिकात पक्के बसलेले मातीचे किंवा सेल्युलोजचे कण सहसा जागचे हलत नाहीत. जंतुनाशक म्हणून चांदीचे नॅनोकण घातलेल्या पिशव्यांची गोष्ट निराळी आहे, कारण चांदीचा अंश पदार्थात उतरू शकतो. तेव्हा त्यांचा दाखला अधिक बारकाईने पाहावा. कोरड्या नॅनोभुकटीची धूळ फुफ्फुसास अपायकारक ठरू शकते, म्हणून कारखान्यातील कामगारांनी तोंडावर योग्य आवरण घेतल्याखेरीज ती हाताळू नये.

शेतकऱ्याच्या घरी ह्या विषयाचा सर्वांत जवळचा संबंध येतो तो डाळी-कडधान्यांच्या साठवणीत. तूर किंवा मूग हवाबंद पिशवीत ठेवले म्हणजे आत असलेले भुंगेरे स्वतःच्या श्वासाने ऑक्सिजन संपवितात, आणि तो तीन ते पाच टक्क्यांवर उतरला की त्यांची वाढ थांबते व पुढे ते मरतात. पिशवीतून ऑक्सिजन आत झिरपत राहिला तर हा डाव फसतो. म्हणून आज अशा पिशव्यांना जाड पॉलिथीनचे दोन अस्तर देतात किंवा मध्ये रोधक थर घालतात. उद्या नॅनोभरणाचा पातळ पापुद्रा हेच काम थोड्या प्लास्टिकात करू शकेल. तूर्त जी हवाबंद पिशवी मिळते तिचाच नीट उपयोग करावा. धान्य पुरते वाळलेले असावे, पिशवी काठोकाठ भरून आतील हवा दाबून काढावी, तोंड पिळून, दुमडून दोरीने घट्ट बांधावे आणि एकदा बांधल्यावर ती वारंवार उघडू नये. उंदराने एक भोक पाडले तर सर्व शास्त्र वाया जाते.

भाजीपाला व फुलांच्या बाबतीत नियम उलटा आहे. दादरच्या फूलबाजारात पहाटे उतरणारा झेंडू, शेवंती काय किंवा भाजीबाजारातील मेथी काय, तोडल्यानंतरही श्वास घेत असते. फार घट्ट पिशवीत ती कोंडली तर आंबते, काळी पडते व वास मारते. तेव्हा सर्वांत कमी हवा सोडणारी पिशवी ती सर्वांत चांगली, असे समजून भाजी त्या पिशवीत भरणे ही चूक होय. भाजीला छिद्रांची किंवा हवा सोडणारी पिशवीच योग्य.

गावच्या सभेत दाखवावयाचा प्रयोग

ह्या विषयावर सभेत बोलावयाचे असेल तर पुढील सोपा प्रयोग आदल्या दिवशी करून ठेवावा. खडा हिंगाचे दोन सारखे तुकडे घ्यावेत. एक साध्या पातळ पॉलिथीनच्या पिशवीत व दुसरा वेफर्सच्या किंवा चहाच्या चकाकत्या, स्वच्छ पुसलेल्या पिशवीत घालावा. दोन्ही तोंडे मेणबत्तीच्या आचेने किंवा पिशवी बंद करण्याच्या यंत्राने नीट चिकटवावीत व बाहेरून हिंगाचा हात लागला नाही ना, हे पाहावे. मग प्रत्येक पिशवी झाकणाच्या वेगवेगळ्या डब्यात ठेवून शेजारी उघड्या वाटीत दोन चमचे साखर ठेवावी. चोवीस तासांनी सभेतील मंडळींकडून दोन्ही वाट्यांतील साखर हुंगवून घ्यावी. साध्या पिशवीजवळच्या साखरेला हिंगाचा वास लागलेला असतो. दुसऱ्या डब्यातील साखरेलाही वास आलाच तर चिकटविलेली शिवण तपासावी, बहुधा ती कोठेतरी उघडी राहिलेली आढळते.